आत्याबाईंचा कापूस

५ ऑगस्ट १९५७, सोमवार

आज माझ्या खोलीवर पाटी लागली. 'रक्त परीक्षा'. रंगाऱ्यानं विचारलं, बाई, मराठीत लिहू का हिंदीत? म्हटलं, दोन्हीकडे एकच आहे, तू फक्त अक्षर चांगलं काढ. डॉक्टर अनंतराव हसले. गेल्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि तेव्हापासून त्यांचं हसणं जवळजवळ बंदच झालं होतं. दवाखान्याला लागेल ते आधी नागपूरहून यायचं. आता इंदूरला हिंदीत लिहायचं आणि वाट पाहत बसायचं.

ही वही ह्यांनी आणून दिली. हे म्हणजे माझे यजमान. वहीतसुद्धा त्यांचं नाव लिहायला माझा हात धजत नाही. लोकांच्या शिरेत सुई घालायला बरा धजतो, असं तेच म्हणतात. ते शाळेत भूगोल शिकवतात. यंदा नकाशाच बदलला, त्यामुळे मुलांना शिकवायच्या आधी रोज सकाळी स्वतः शिकतात. वही देताना म्हणाले, "अशी लिही की तुझ्या नातीलाही कळेल." म्हणून नीट सांगते.

ज्याचा ताप उतरत नाही, त्याच्या रक्तातच जंतू शिरलेत का, आणि कोणते, हे मी शोधते. कोपराच्या खोबणीत शीर धरायची. कातडीला आधी आयोडीन, मग स्पिरिटचा बोळा. रक्त काढायचं, ते बाटलीतल्या रश्शात सोडायचं आणि बाटली उबेच्या पेटीत ठेवायची. जंतू असले तर ते रश्शावर पोसतात आणि बाटली गढूळ होते. नसले तर बाटली स्वच्छ राहते. रस्सा मांसाचा असतो हे मी घरी सांगितलेलं नाही. घरी तो काढा आहे.

राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या या दवाखान्यात हे काम येणारी मी एकटी. खंडव्याच्या अलीकडे दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही. आपल्या तोंडानं सांगू नये, पण वही माझी आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार

कडूभाऊ आज आपल्या पायांनी घरी गेले. शाहपुरात त्यांची केळीची बाग आहे. आले तेव्हा बैलगाडीत आडवे होते आणि बैलांशी भांडत होते. सगळ्यांना हिवताप वाटला. माझी बाटली गढूळ झाली, थेंब दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, धरला, तर बारीक बारीक चळवळ्या काड्या. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिन दिलं आणि ताप असा उतरला की म्हातारा भाकरी मागायला लागला.

त्यांनी घरी केळीचा अख्खा घड पाठवला. सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणते, पहिली फणी देवापुढे ठेवली आणि मग चौकशी सुरू केली.

"तू रक्त काढलं म्हून त्याचा जीव वाचला?"

"हो."

"लोकं तं म्हनतात, रक्त काढलं का मानूस अर्धा व्हतो."

"दोन चमचे काढते, आत्याबाई."

त्या उरलेल्या फण्या मोजायला लागल्या. पण दवाखान्यातून आल्यावर मागच्या दारानं यायचं आणि आधी अंघोळ करायची, हा त्यांचा नियम आजही सुटला नाही. पाणी तेवढं तयार असतं, कढत. एवढी मोठी गोष्ट मी केली आणि घरात माझी जागा अजून न्हाणीतच.

२२ ऑगस्ट, गुरुवार

नागपूरच्या कापसाचं शेवटचं पाकीट संपलं. इंदूरचं अजून आलेलं नाही. मी घरी सहज बोलून गेले की आता बोळ्यांवाचून काम अडणार. आत्याबाई निवडत होत्या ते ताट त्यांनी खाली ठेवलं.

"कापसासाठी दवाखाना अडन? बुऱ्हानपुरात?"

आमच्या शाहपूरच्या रानातला कापूस माळ्यावर होताच. त्यांनी तो सोडा घालून मोठ्या पातेल्यात उकळला, गच्चीवर धोतर पसरून वाळवला. परटाच्या भट्टीतून निघाल्यासारखा शुभ्र. या चातुर्मासात त्यांचा लक्ष वातींचा नेम आहे, त्यामुळे ओट्यावर दुपारी आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या चारपाच बायका वाती वळायला असतातच. तोच हात त्यांनी बोळ्यांकडे वळवला. मी बघत राहिले. एका बाजूला दुधाची वाटी, एका बाजूला राखेची. बोट दुधाला, बोट राखेला, आणि कापूस चिमटीत असा गुंडाळला जातो की एक तूस बाहेर राहत नाही. नागपूरचे बोळे त्यापुढे फाटक्या गोधडीची चिंधी.

शेजारच्या मालूबाईंना एक शंका आली. हे बोळे नेमाच्या वातींत धरायचे का? देवापुढे जळत नाही ती वात कसली? आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "मानसाच्या कामी येतं, ते देव मोजून घेतो."

मला फार बरं वाटलं. ज्या बाईला माझ्या साडीचा पदर चालत नाही, तिच्या हातचा कापूस उद्यापासून माझ्या हातात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तह झाला म्हण." तह कसला. पुण्य लागतंय म्हणून करताहेत.

१ सप्टेंबर, रविवार

गणपतीत दवाखान्यात गर्दी कमी. तरी तापाचे रुग्ण आलेच. एकानं विचारलं, "बाई, टोचलं का अजून?" टोचून, काढून, बोळा दाबून झालं होतं. माझा हात हलका आहे. याला शिकवणी नसते.

५ सप्टेंबर, गुरुवार

काहीतरी मोठं हाती लागलंय. तीन माणसं, तीन गावांची, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि तिघांच्या रक्तात एकच जंतू. मुदतीच्या तापाचा नव्हे. जाड, टोकं कापल्यासारख्या काड्या, मालगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक जोडलेल्या. नवीन साथ असणार. माझ्या खोलीत सापडली आहे. उद्या पुस्तकात 'बुऱ्हाणपूरचा ताप' असं काही छापलं गेलं तर खाली कुणाचं नाव येईल, असा विचार मनात आला. नाही आला असं कशाला लिहू?

डॉक्टरांना दाखवलं. ते बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होते. मग म्हणाले, "कमलताई, यातल्या दोघांचा ताप उतरलाय. औषध न देता."

म्हटलं, साथ सौम्य असेल.

११ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरांनी मला कारण न सांगता एक गोष्ट केली. आमचा कंपाउंडर गोटू, ज्याला जन्मात ताप आला नसेल, त्याला रुग्णांच्या रांगेत बसवला. माझ्याकडून त्याचं रक्त घ्यायला लावलं. म्हणाले, जरा बघू. आज गोटूची बाटली गढूळ. तीच मालगाडी.

म्हणजे जंतू रक्तात नाहीत. बाहेरून शिरताहेत. माझ्या खोलीतून.

इतका अपमान मला आयुष्यात वाटला नाही. मी हात साबणानं घासते, ब्रशनं. सुया, सिरिंज, सगळं वाफेच्या डब्यातून काढते. जिथे मी इतकी काटेकोर आहे तिथे घाण येणार कुठून? एकच वस्तू नवी आहे. इंदूरचं स्पिरिट. डब्याचं बूच सैल होतं आणि वास तर अगदी मिळमिळीत. नागपूरचं स्पिरिट नाकाला झोंबायचं. मी हे डॉक्टरांना ठासून सांगितलं आणि त्यांनीही इंदूरला तक्रार पाठवली. नव्या राज्याची मेहेरबानी, दुसरं काय.

घरी सांगितलं की काम बिघडतंय. आत्याबाईंनी कारण विचारलं नाही. उद्यापासून बोळे दुप्पट वळते म्हणाल्या.

१६ सप्टेंबर, सोमवार

इंदूरचं उत्तर आलं. ह्यांनी वाचून अर्थ सांगितला, हिंदी सरकारी असली की मला घाम फुटतो. आरोग्य खात्याचे मोठे डॉक्टर स्वतः येणार. स्पिरिट तपासतील आणि माझी खोलीही तपासतील. काम स्वच्छ होत नसेल तर खोली बंद, रक्त काढून रेल्वेनं इंदूरला पाठवायचं. म्हणजे तिकडून निकाल येईतो रुग्ण एक तर बरा झालेला असेल किंवा राजघाटाच्या सरणावर गेलेला असेल. माझी खोली बंद झाली तर मी काय करायचं, हे कुणी लिहिलेलं नाही.

त्यातच शाहपूरची मनकर्णा आली आहे. सुकलाल केळीवाल्याची बायको, बाळंतीण. मूल चांगलं आहे, आईला ताप. बाळंतपणाचाच ताप म्हणून डॉक्टर पेनिसिलिन देताहेत आणि ताप हलत नाही. तिच्या रक्ताची बाटली मी लावली. काल गढूळ झाली. मी ती घेऊन डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी ती हातात घेतली, न बघता खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "असू द्या."

रागावले असते तर चाललं असतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

साहेब येतील तेव्हा पुरावा हाती हवा. म्हणून रक्ताशिवाय बाटल्या लावल्या. एकीत इंदूरच्या स्पिरिटचे थेंब. एकीत आयोडीन. एकीत सिरिंजमधून काढलेलं पाणी. आणि एकीत आत्याबाईंचा एक बोळा, स्पिरिटमध्ये भिजवून, नेहमी वापरते तसा. ही शेवटची बाटली खरं तर शोभेला. साहेबांना दिसू दे, दवाखान्यात एक तरी वस्तू निर्मळ आहे.

मनकर्णा आज कुणालाच ओळखत नव्हती. सुकलाल बाहेरच्या बाकावर मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. मला पाहून उठून उभा राहिला. मी दुसऱ्या दारानं गेले.

२२ सप्टेंबर, रविवार

स्पिरिटची बाटली स्वच्छ. आयोडीनची स्वच्छ. पाण्याची स्वच्छ.

बोळ्याची बाटली ताकासारखी.

मला ते खरंच वाटेना. सुट्टी असून मी दवाखान्यात गेले होते, ती तिथेच खुर्चीवर बसले. मग तडक घरी आले. ओट्यावर बायका वळत होत्या. बोट दुधाला, बोट राखेला. हे मी रोज बघत होते, याच वहीत कौतुकानं लिहून ठेवलंय. काही जंतू बियांसारखे कवचात बसतात, उकळून मरत नाहीत, स्पिरिटलाही जुमानत नाहीत, हे मला नागपूरला शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते धडाधड लिहिलंही होतं. नागपूरचा कापूस पाकिटात वाफवून यायचा. बोळासुद्धा वाफवावा लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण तो घरचा होता. इंदूरचा असता तर पहिल्याच दिवशी संशय घेतला असता.

तशीच उलट्या पावली दवाखान्यात गेले. बोळे वाफेच्या डब्यात घातले, चांगले वाफवले आणि मनकर्णाचं रक्त पुन्हा घेतलं. सुकलालनं विचारलं, "बाई, पहिल्याचं काय झालं?" म्हटलं, पहिलं माझ्याकडून बिघडलं. तो म्हणाला, "मंग आता नीट घ्या." बस्स, एवढंच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

काल डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "चूक कळली, सुधारली, झालं. साहेब स्पिरिट तपासायला येतायत, तपासू द्या. घरी वळलेला कापूस रुग्णांना लावला हे त्यांच्या कानावर गेलं तर खोलीला कुलूप लागलंच समजा." ते खोलीसाठीच बोलत होते. मी होय म्हणून मान हलवली.

घरी मात्र सांगावंच लागणार होतं, नाहीतर आत्याबाई वळतच राहतील. सकाळी ओट्यावर कुणी नसताना सांगितलं. माझी जीभ दवाखान्यात कधी अडखळत नाही, आज प्रत्येक शब्दाला अडखळली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली.

"याच्यात व्हते ते?"

"दुधात, राखेत. सगळ्यांच्याच हाताला असतात. देवापुढच्या वातीला चालतं. रक्ताला चालत नाही."

"तू मले पहिल्या दिवशी कावून नाही सांगितलं?"

"मलाच सुचलं नाही."

बोटं पदराला पुसत विचारलं, "आन् ते इंदूरचं इस्पिरिट?"

ते चांगलं आहे म्हटलं. डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं, म्हणजे त्यांना धीर येईल, की त्यांचं नाव कुठेच येणार नाही. त्या एकदम उठल्या. "म्हंजे माह्या हातची चूक त्या इंदूरवाल्याच्या डोक्यावर?" आणि दोन्ही वाट्या उचलून आत गेल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दुखावल्या. मी इतक्या हळू सांगितलं तरी दुखावल्या.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मनकर्णाची बाटली गढूळ झाली. दुर्बिणीखाली धरलं. मालगाडी नाही. बारीक, चळवळ्या काड्या. मुदतीचा ताप! बाळंतपणाचा नव्हेच.

या वेळी डॉक्टरांनी बाटली खिडकीत ठेवली नाही. स्वतः डोळा लावून पाहिलं, मला म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्यांनी तिथल्या तिथे औषध बदललं.

३० सप्टेंबर, सोमवार

मनकर्णाचा ताप खाली येतोय. आज मुलाला जवळ घेतलं. मी मुद्दाम बाकासमोरून गेले. सुकलाल उभा राहिला तर म्हटलं, बसा हो.

उद्या साहेब येतायत. खोली मी स्वतः धुतली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा सांगितलं, विचारतील तेवढंच बोला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

साहेब सकाळच्या गाडीनं आले. उंच, पांढरी टोपी, कमी बोलणारे. स्पिरिट हुंगलं, बोटावर घेतलं, पेटवून पाहिलं. म्हणाले, "इसमें तो कोई ख़राबी नहीं." डॉक्टर म्हणाले, पहिला डबा कदाचित खराब असेल. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला खोली हवी होती. इतकी हवी होती की तोंड उघडलंच नाही.

तेवढ्यात दारात आत्याबाई. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात बोळ्यांचं गाठोडं. दवाखान्याची पायरी त्या आजवर चढल्या नव्हत्या. सरळ साहेबांच्या टेबलापाशी आल्या आणि गाठोडं वर ठेवलं.

"साब, इस्पिरिट को दोष मत देव. कपास मेरे हात का है. दूध लगाके बनाया, तो बिगड़ गया. ये मेरी बहू है. इसको मालूम नहीं था."

डॉक्टरांनी डोळे मिटले. साहेबांनी गाठोडं सोडून एक बोळा उचलला, निरखला. मला वाटलं, माझी सासू माझ्यासाठी खोटं बोलतेय आणि मी उभी आहे. म्हटलं, "साहेब, माहीत नव्हतं असं नाही. मी शिकलेय. कापूस त्यांचा होता, पण वाफवून घेणं माझं काम होतं. मी केलं नाही. आता करते." हिंदीत सांगायला गेले ते निम्मं मराठीतच झालं. त्यांना समजलं असावं.

साहेबांनी बोळा परत गाठोड्यात ठेवला. मग म्हणाले, ठीक आहे, माझ्यासमोर धडधाकट माणसाचं रक्त घ्या, तुमच्या वाफवलेल्या कापसानं. बाटली उबेच्या पेटीत ठेवा, पेटीवर मी मोहोर लावतो. मी नेपानगरकडे दौऱ्यावर जातोय, परत येताना मोहोर फोडेन. बाटली गढूळ निघाली, तर दाराला कुलूप लावूनच गाडीत बसेन.

धडधाकट माणूस कोण? गोटू म्हणाला, माझं एकदा घेतलंय. डॉक्टरांना हिवताप उलटून उलटून येतो. बाहेरची माणसं रक्ताचं नाव ऐकून पांगली. आत्याबाई स्टुलावर बसल्या, बांगड्या वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवला.

"काढ."

कोपराखाली गोंदण, कातडी सैल, शीर बोटाखालून सारखी सटकते. अख्ख्या गावाच्या शिरा मला सापडल्या आणि आज घरची सापडेना. पहिली टोचणी फुकट गेली. साहेब बघत होते. माझ्या कपाळावरून घाम ओघळला, तो खाली पडू नये म्हणून मान वळवली. आत्याबाई म्हणाल्या, "घाई नको करू. मी काही उठून जात नाही." दुसऱ्यांदा सुई बरोबर बसली. रक्त आलं. सुई काढून बोळा दाबला तर त्या विचारतात, "हा वाफवलेला हाये ना?"

हाताला लाल डाग पडलाय, दोन ठिकाणी. मी तेल लावायला गेले तर लावू दिलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. सोनं वाटताना आत्याबाई मला बाजूला घेऊन विचारतात, "लहानपनी मले देवी आल्या व्हत्या. त्या रक्तात राह्यल्या असतीन का?"

मी समजावलं. ही परीक्षा तुमच्या रक्ताची नाही, माझ्या हाताची आहे. तुमच्या रक्तात काहीच नाही. गढूळ झालीच तर ती माझ्यामुळे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रक्त तं माह्यं ना." पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा तेच. हे हसताहेत. शाळेत पोरांनाही नकाशा असाच समजत नाही म्हणतात.

७ ऑक्टोबर, सोमवार

उबेच्या पेटीला लाखेची मोहोर आहे. आत काय झालंय ते मला बघता येत नाही. बाहेरचा दिवा मी वेळच्या वेळी भरते आणि वर डोकावणाऱ्या थर्मामीटरच्या पाऱ्यावर नजर ठेवते. तेवढंच हातात आहे. जेवण जात नाही. खोलीवरची पाटी उतरवताना रंगारीच येईल का गोटूच काढेल, असले विचार येतात.

आत्याबाई रोज संध्याकाळी विचारतात, "आज काही समजलं?" त्यांना धास्ती त्यांच्या रक्ताची, मला माझ्या खोलीची.

मनकर्णा उद्या घरी जाणार.

९ ऑक्टोबर, बुधवार

साहेब आले. मोहोर फोडली. बाटली बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, हलवली. तळाशी तांबडं बसलेलं, वर रस्सा नितळ. पलीकडच्या चिंचेची पानं बाटलीतून मोजता आली असती. त्यांचं तेवढ्यानं भागलं नाही. थेंब काचेवर घेऊन स्वतः दुर्बिणीखाली पाहिला, काच सरकवून सरकवून पाहिला. मग टोपी नीट केली आणि म्हणाले, "काम साफ़ है." खोली राहणार. इतकंच नाही, नेपानगरच्या रुग्णांचं रक्तही आता इथेच येणार. इंदूरहून वाफवलेला कापूस पाठवतो म्हणाले. आणि तोवर? त्यांनी मला उलट विचारलं. मी म्हटलं, "तोवर घरचा. वाफवून." ते हसले की नाही ते कळलं नाही, पण त्यांनी नको म्हटलं नाही. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मला वाटत होतं याहून मोठा दिवस उगवणार नाही.

घरी निघाले ती जवळजवळ धावतच. कधी एकदा आत्याबाईंना सांगते असं झालेलं. पण गोटू सायकलवरून माझ्याआधी पोहोचून बातमी देऊन गेला होता. गल्लीच्या वळणावरच ओट्यावरचा आवाज ऐकू आला आणि मी भिंतीआड थांबले. मला ऐकायचं होतं, आता ही बाई इतवाऱ्याला काय काय सांगते.

मालूबाई विचारत होत्या, "म्हंजे तुमचं रक्त एकदम साफ?"

"एकदम. इंदूरच्या डॉक्टरनं उजेडात धरून पाह्यलं."

"पुन्याई वं मथुराबाई तुमची."

"माह्यी कायची पुन्याई? धडधाकट मानसाचं रक्त साफच रायते. बाहेर काढताना ज्याचा हात लागते, तो ते बिघडोते. मीच नाही का बिघडोलं इतक्या लोकाईचं. माह्या सुनेचा हात लागला, आन् ते जसं आत व्हतं तसंच बाहेर राह्यलं. तिची परीक्षा व्हती. माह्यं निसतं रक्त व्हतं."

"तुमी तं म्हने रोज घाबरत व्हत्या."

"घाबरू नाही तं काय? तिची खोली गेली असती ना."

आणि मी इतके दिवस त्यांना समजावत होते. डॉक्टरांनी पाठ थोपटली तेव्हा मला आनंद झाला होता. आता रडूच आलं, आणि भर गल्लीत, येणारेजाणारे बघत असताना. पदरानं डोळे पुसून ओट्याकडे वळले. आत्याबाईंनी मला पाहिलं. बायकांना म्हणाल्या, "आली पाहा," आणि स्वतः बाजूला सरकून शेजारी माझ्यापुरती जागा केली.